मौन म्हणजे संमती नव्हे : विखुरलेले गट, क्लाउड आणि माहितीचा खासगीपणा

प्रास्ताविक

वसतिगृहात राहून शिकलेल्या प्रत्येकाला अधीक्षकांच्या खोलीतील लोखंडी कपाट आठवत असेल. प्रवेशाच्या दिवशी वडिलांनी पिशवीतून जपून आणलेले कागद, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला, त्या कपाटात ठेवले जात. किल्ली अधीक्षकांकडे असे. एखादा कागद पाहावयाचा असेल तर त्या खोलीत यावे लागे, कारण सांगावे लागे आणि अधीक्षकांच्या समोर उभे राहूनच तो पाहावा लागे. या व्यवस्थेला 'माहितीची सुरक्षा' असे भारदस्त नाव कोणी दिले नव्हते. परंतु आपल्या घरची हलाखी शेजारच्या खाटेवरील मुलाला कळू नये, एवढी काळजी ती निश्चित घेत होती.

आज ते कपाट बहुधा जागेवरच असेल. मात्र त्यातील कागदांच्या प्रती कपाटाबाहेर पडून मोबाइलमध्ये, ई-मेलमध्ये आणि 'क्लाउड' नावाच्या दूरच्या साठवणुकीत पोहोचल्या आहेत. त्या हाताळणारी माणसेही आता एका खोलीत बसत नाहीत. शाळेचे माजी विद्यार्थी नागपुरात, पुण्यात, बंगळूरला, आखाती देशांत राहतात आणि तेथूनच शाळेसाठी काम करतात. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु या बदलाबरोबर एक नवी जबाबदारी आपल्यावर आली आहे आणि तिचा विचार आपण पुरेसा केलेला नाही.

मी ज्या विषयाचे अध्यापन करतो त्या माहिती प्रणाली या शास्त्रात दोन प्रश्नांचा स्वतंत्रपणे अभ्यास होत आला आहे. एकमेकांना न भेटता काम करणारी माणसे परस्परांवर विश्वास कसा ठेवतात, हा पहिला. दुसऱ्याच्या संगणकावर ठेवलेल्या माहितीचा खासगीपणा कसा राखावा, हा दुसरा. वर्गात हे प्रश्न शिकविताना उदाहरणे बहुराष्ट्रीय कंपन्यांची दिली जातात. प्रस्तुत लेखात ते आपल्या अंगणातील उदाहरणावरून मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

एक घटना

माजी विद्यार्थ्यांच्या एका शिष्यवृत्ती गटात मी काही वर्षे काम केले. आम्ही सात जण होतो. निरनिराळ्या शहरांत राहणारे, त्यातला एक अबुधाबीत. आम्ही सातही जण एका खोलीत कधी बसलो नाही. सारे काम फोनवर, व्हॉट्सॲपच्या गटावर आणि एका सामायिक ऑनलाइन तक्त्यावर चाले. तक्त्यात विद्यार्थ्याचे नाव, गाव, इयत्ता, आधार क्रमांक, बँक खाते, जातीच्या दाखल्याची छायाप्रत असे रकाने होते. शेवटचा रकाना 'शेरा' असा होता.

आमचा एक सहकारी सुटीच्या दिवशी स्वखर्चाने मुलांच्या घरी जाऊन परिस्थिती पाहून येई. एका मुलापुढे त्याने शेरा लिहिला होता : 'वडील दारूच्या आहारी, घर सोडून गेले. आई मजुरीला जाते.' हा शेरा कळवळ्याने लिहिलेला होता. त्या शेऱ्यामुळेच त्या मुलाची निवड झाली.

पुढे देणगीदारांनी, आपला पैसा कोणाला मिळतो ते कळावे, अशी रास्त अपेक्षा व्यक्त केली. अबुधाबीच्या सहकाऱ्याने गटावर विचारले, 'यादी देणगीदारांना पाठवू का?' तीन दिवस कोणीही उत्तर दिले नाही. मौन म्हणजे संमती, असे आपल्याकडे मानतातच. त्याने तक्त्याची लिंक पाठविली. देणगीदारांपैकी एक जण त्या मुलाच्याच तालुक्यातील निघाला. आठवडाभरात ते वाक्य गावात पोहोचले आणि तेथून शाळेतील मुलांपर्यंत.

त्या मुलाच्या आईचा फोन मला आला. आवाज चढलेला नव्हता. ती म्हणाली, "मदत नको होती असं नाही, सर. पण हे लिहून ठेवलंय, असं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं."

या घटनेत कोणी चोर नव्हता. कोणाचा पासवर्ड फुटला नव्हता. प्रत्येकाचा हेतू चांगला होता. तरीही एका मुलाचे भरून न येणारे नुकसान झाले. ते कसे झाले, हे समजून घेण्यासाठी संशोधनाकडे वळू.

न भेटणाऱ्या माणसांचा गट

अंतर वाढले की बोलणे कमी होते, हे आपण अनुभवाने जाणतो. ते किती झपाट्याने कमी होते, हे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील प्राध्यापक थॉमस ॲलन यांनी अभियंत्यांच्या कामाचे निरीक्षण करून दाखविले. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातील आलेख आजही शिकविला जातो. दोन अभियंत्यांच्या टेबलांमधील अंतर तीस मीटरच्या आसपास गेले की त्यांचे कामासंबंधी नियमित बोलणे अगदी विरळ होते, असे त्यांना आढळले. एकाच इमारतीत जर ही अवस्था, तर दोन देशांत राहणाऱ्यांचे काय?

इंटरनेट सर्वत्र पोहोचू लागल्यावर हा प्रश्न नव्याने पुढे आला. स्थळाने दूर असलेल्या आणि मुख्यतः तंत्रज्ञानाच्या साहाय्याने एकत्र काम करणाऱ्या माणसांच्या समूहाला संशोधक 'आभासी गट' म्हणू लागले. सिर्का यार्वेनपा आणि डोरोथी लाइडनर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. निरनिराळ्या देशांत राहणाऱ्या चार ते सहा विद्यार्थ्यांचा एक, असे पंचाहत्तर गट त्यांच्या प्रकल्पात होते. त्यांनी आठ आठवडे एकमेकांना न भेटता काम केले. त्यातील निवडक गटांचा पत्रव्यवहार संशोधकांनी बारकाईने तपासला.

त्यांना असे दिसले की अशा गटांत विश्वास निर्माण होतो आणि तो आश्चर्य वाटावे इतक्या लवकर होतो. माणसे परस्परांना पारखण्याची वाट न पाहता, विश्वास आहे असे गृहीत धरून कामाला लागतात. तात्पुरत्या गटांतील या विश्वासाला मेयरसन, वाइक आणि क्रेमर या अभ्यासकांनी १९९६ मध्येच 'त्वरित विश्वास' अशा अर्थाचे नाव दिले होते. मात्र हा विश्वास ठिसूळ असतो. आरंभीच्या उत्साहावर तो उभा राहतो, पण टिकतो तो वेळेवर आणि नेमाने दिलेल्या उत्तरांवर. उत्तरे थांबली की तो ढासळू लागतो.

आमच्या गटाला लागू पडणारा दुसरा अभ्यास कॅथरिन क्रॅम्टन यांचा. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात विखुरलेल्या तेरा गटांतील गैरसमजांचा मागोवा घेतला आहे. दूरच्या गटांत तंटे होण्याचे मूळ कारण स्वभावदोष नसून सर्वांना समान माहिती नसणे हे असते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. याची पाच रूपे त्यांनी दाखविली. आपली परिस्थिती दुसऱ्याला न सांगणे, माहिती सर्वांपर्यंत सारखी न पोहोचणे, संदेशातील कोणती गोष्ट महत्त्वाची याबाबत वेगवेगळी समजूत असणे, माहिती मिळण्याचा वेग कमी-जास्त असणे आणि मौनाचा अर्थ लावता न येणे, ही ती पाच रूपे.

त्या घटनेनंतर आम्ही सातही जण फोनवर बोललो, तेव्हा या पाचांपैकी बहुतेक रूपे आमच्याच बोलण्यात सापडली. एकाची त्या आठवड्यात रात्रपाळी होती आणि ते त्याने कोणाला सांगितले नव्हते. एकीचा मोबाइल दुरुस्तीला होता. दोघांनी 'यादी' म्हणजे फक्त नावे आणि रकमा असे समजून प्रश्न किरकोळ मानला. शेरा लिहिणारा सहकारी प्रवासात होता. मी प्रश्न वाचला होता. इतर कोणीतरी उत्तर देईल असे समजून मी गप्प राहिलो. सहा जणांच्या मौनाला पाच निरनिराळी कारणे होती, आणि त्यातले एकही 'होय' असे नव्हते. एका खोलीत बसलो असतो तर प्रश्न येताच कोणाच्या तरी कपाळावर आठी उमटली असती आणि पुढची चूक टळली असती. दूरच्या गटाला ती आठी दिसत नाही. म्हणून समोरासमोरच्या कामात जे आपोआप होते, ते अशा गटाने ठरवून आणि लिहून करावे लागते.

क्लाउड म्हणजे काय?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. क्लाउड या शब्दामुळे आपली माहिती कोठेतरी आकाशात तरंगते आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात ती जमिनीवरच असते. कोणाच्या तरी मालकीच्या, मोठ्या वातानुकूलित इमारतीतील संगणकांवर ती साठविलेली असते. नवी मुंबईत, चेन्नईत अशा इमारती आहेत; परदेशांत तर अगणित आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये क्लाउडची जी व्याख्या प्रसिद्ध केली ती जगभर वापरली जाते. हवे तेव्हा स्वतः सेवा घेता येणे, कोठूनही पोहोचता येणे, एकच साधनसामग्री अनेक ग्राहकांत वाटली जाणे, गरजेप्रमाणे ती चटकन कमी-जास्त होणे आणि वापराचे मोजमाप होणे, ही पाच लक्षणे तिच्यात सांगितली आहेत.

वीजपुरवठ्याची उपमा येथे नेहमी दिली जाते. घरात जनित्र न बसविता आपण वीज वापरतो आणि मीटरप्रमाणे बिल भरतो, तसेच हे. उपमा चांगली आहे, परंतु एका महत्त्वाच्या ठिकाणी ती अपुरी पडते. वीज बाहेरून आपल्या घरात येते. क्लाउडमध्ये मात्र आपल्या घरातील वस्तू बाहेर जाते.

क्लाउडचे फायदे नाकारण्याचे कारण नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूर भागातील कितीतरी घरांत पाणी शिरले. अशा वेळी पेटीत जपलेला कागद भिजून जातो; क्लाउडमधील प्रत सुरक्षित राहते. २०१५ पासून सुरू असलेल्या केंद्र शासनाच्या डिजिलॉकर सेवेचा उपयोग यासाठीच होतो. सामायिक तक्त्यात कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंदही राहते. लोखंडी कपाट अशी नोंद ठेवीत नाही.

तोटे मात्र समजून घ्यावे लागतात. पहिला म्हणजे प्रतींचा. क्लाउडमधील माहिती सुरक्षिततेसाठी एकापेक्षा अधिक ठिकाणी साठविली जाते आणि ज्याला ती पाहण्याची परवानगी आहे तो बहुधा ती आपल्या मोबाइलवर उतरवूनही घेऊ शकतो. मूळ तक्ता पुसला तरी उतरविलेल्या प्रती पुसल्या जात नाहीत. दुसरा तोटा जबाबदारीच्या गैरसमजाचा. क्लाउड सेवा देणाऱ्या कंपन्या सामायिक जबाबदारीचे तत्त्व सांगतात. इमारत, संगणक, यंत्रणा यांच्या सुरक्षेची जबाबदारी कंपनीची. आत काय ठेवायचे आणि कोणाला दाखवायचे याची जबाबदारी ग्राहकाची. 'ज्याच्याकडे लिंक असेल त्याला पाहता येईल' हा पर्याय निवडला की कंपनीच्या दारावरील पहारेकऱ्यांचा उपयोग उरत नाही, कारण किल्ली आपण स्वतःच वाटलेली असते.

व्हॉट्सॲपबाबतही असाच गैरसमज आढळतो. त्यावरील संदेश २०१६ पासून पाठविणारा आणि घेणारा यांच्याखेरीज वाटेत कोणाला वाचता येऊ नयेत अशा कुलूपबंद स्वरूपात जातात, हे खरे. परंतु ते कुलूप वाटेपुरतेच आहे. दोनशे जणांच्या गटावर टाकलेला दाखला दोनशे मोबाइलमध्ये उघडा असतो.

खासगीपणा म्हणजे काय?

'आमच्याकडे लपविण्यासारखे काय आहे?' असा प्रश्न पालक अनेकदा विचारतात. त्यामागे प्रामाणिकपणा असतो. परंतु खासगीपणा म्हणजे लपवाछपवी, हे त्यातील गृहीतक चुकीचे आहे. ॲलन वेस्टिन यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात खासगीपणाची जी व्याख्या केली तिचा आशय असा आहे : आपल्याविषयीची माहिती इतरांना केव्हा, कशी आणि किती द्यावी, हे स्वतः ठरविण्याचा माणसाचा अधिकार. येथे मुद्दा लपविण्याचा नसून ठरविण्याचा आहे.

हेलन निसेनबॉम या तत्त्वचिंतक विदुषीने २००४ मध्ये हा विचार आणखी पुढे नेला. त्यांच्या मते प्रत्येक माहिती विशिष्ट संदर्भात दिली जाते आणि त्या संदर्भाचे काही संकेत असतात. दवाखान्यात डॉक्टरांना सांगितलेला आजार कार्यालयातील साहेबांपर्यंत जाऊ नये, हा असा एक संकेत. माहिती तिच्या संदर्भातून उचलून दुसऱ्या संदर्भात नेली, तर ती खरी असूनही खासगीपणाचा भंग होतो. आमच्या तक्त्यातील शेरा अगदी खरा होता. निवड समितीच्या संदर्भात तो त्या मुलाला आधार देणारा होता. गावाच्या संदर्भात तोच त्याची मान खाली घालणारा ठरला. वाक्यातील एकही अक्षर बदलले नव्हते. बदलला होता तो वाचणारा.

आपल्या समाजाला हे तत्त्व जातीच्या दाखल्याच्या बाबतीत विशेष लागू पडते. शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत तोच दाखला हक्क मिळवून देतो. तोच दाखला घर भाड्याने देणाऱ्याच्या किंवा नोकरीच्या मुलाखतीपूर्वी चौकशी करणाऱ्याच्या हाती गेला, तर काय होऊ शकते हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आपली जात कोणाला, केव्हा आणि कोणत्या स्वाभिमानाने सांगावयाची हे त्या तरुणाने स्वतः ठरवावे. आपल्या निष्काळजीपणामुळे ते आधीच ठरून गेलेले असू नये.

'नाव काढून टाकले की झाले', हा उपायही पुरेसा नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात शासकीय कर्मचाऱ्यांच्या आजारांच्या नोंदी नावे वगळून संशोधकांना देण्यात आल्या होत्या. त्या वेळी विद्यार्थिनी असलेल्या लटान्या स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी वीस डॉलरना विकत घेतली आणि दोन्ही याद्या जुळवून त्या राज्याच्या राज्यपालांची वैद्यकीय नोंद शोधून काढली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा टपाल क्रमांक एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकेकटे ओळखता येऊ शकतात, असा अंदाज त्यांनी २००० मध्ये मांडला. दोन हजार वस्तीच्या गावात तर 'आठवीतला मुलगा, आई मजुरीला' एवढे सांगितले तरी नाव सांगितल्यासारखेच होते.

कायदा काय सांगतो?

निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा संविधानाने दिलेला मूलभूत अधिकार आहे. त्याचा आधार प्रामुख्याने अनुच्छेद २१ मधील जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात आहे. त्यापूर्वी, त्याच वर्षी नेमलेल्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये अहवाल आणि विधेयकाचा मसुदा सादर केला. त्या मसुद्यात जात किंवा जमात ही 'संवेदनशील वैयक्तिक माहिती' मानली होती आणि तिला अधिक संरक्षण सुचविले होते. २०१९ च्या विधेयकातही ती तरतूद होती. मात्र ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात संवेदनशील माहितीचा असा वेगळा वर्गच ठेवलेला नाही. जातीच्या दाखल्याला इतर वैयक्तिक माहितीइतकेच संरक्षण आहे, अधिक नाही. म्हणून ती जादा काळजी आपल्यालाच घ्यावी लागेल.

या अधिनियमातील काही तरतुदी शाळा, संस्था आणि पालक यांनी लक्षात ठेवाव्यात. अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक मानली आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती हवी, असा सर्वसाधारण नियम आहे. ज्या कारणासाठी माहिती घेतली ते कारण संपल्यावर, अन्य कायद्याने ठेवणे आवश्यक नसेल तर, ती पुसून टाकावयाची आहे. माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तीला आणि माहिती संरक्षण मंडळाला कळवावयाचे आहे. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. संमती मागणारी सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची सोय असली पाहिजे. अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संस्थांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. तयारीसाठी मिळालेला हा अवधी आहे.

या साऱ्यात आमच्या घटनेशी थेट भिडणारी तरतूद संमतीची आहे. संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कारणापुरती, माहिती समजून घेतल्यानंतरची, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे आणि ती स्पष्ट होकारार्थी कृतीतून व्यक्त झाली पाहिजे, असे अधिनियम सांगतो. म्हणजे मौन ही संमती नव्हे, हे येथे कायद्यानेच सांगितले आहे. आमच्या गटात मौनाचा अर्थ दोनदा चुकीचा लावला गेला. सहा सहकाऱ्यांच्या मौनाला होकार समजले गेले, ही पहिली चूक. ती सर्वांना दिसली. दुसरी चूक अधिक खोल होती. त्या आईने कधी हरकत घेतली नव्हती, म्हणून तिची संमतीच आहे असे आम्ही सातही जण पहिल्या दिवसापासून धरून चाललो होतो. तिला कोणी विचारलेच नव्हते.

आपण काय करावे?

पुढील गोष्टींसाठी पैसा किंवा तज्ज्ञ लागत नाही.

१. आवश्यक तेवढेच मागावे. रक्कम बँकेत जमा करावयाची असेल तर खाते क्रमांक पुरतो. आधारची प्रत लागत नाही. ती लागलीच तर फक्त शेवटचे चार अंक दाखविणारी झाकलेली आधार प्रत घ्यावी. कोणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास २०१६ च्या आधार अधिनियमाने मनाई आहे.

२. एकच तक्ता सर्वांसाठी ठेवू नये. निवड समितीचा वेगळा, हिशेबाचा वेगळा, देणगीदारांसाठीचा वेगळा असावा. देणगीदारांना किती मुलांना, कोणत्या इयत्तांत, किती रक्कम दिली एवढे कळणे पुरेसे आहे. दान देणाऱ्याला हिशेब मागण्याचा अधिकार आहे. घेणाऱ्याच्या घरात डोकावण्याचा नाही.

३. लिंक सर्वांसाठी खुली ठेवू नये. परवानगी नावानिशी द्यावी आणि जो काम सोडून जाईल त्याची परवानगी त्याच दिवशी काढावी. वर्षातून एकदा परवानग्यांची यादी तपासावी.

४. गटाने मौनाचा नियम लिहून ठेवावा. माहिती बाहेर देण्याच्या प्रश्नावर किमान दोघांचा लेखी 'होय' आल्याशिवाय काहीही पाठवू नये. उत्तर न येणे म्हणजे 'नाही' असेच समजावे. दोन दिवसांहून अधिक काळ उत्तर देता येणार नसेल तर तसे आधी कळवावे.

५. घरच्यांना विचारावे आणि दाखवावे. काय लिहून ठेवले आहे, ते कोण पाहणार आहे आणि केव्हा पुसले जाणार आहे, हे पालकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे. अंगठा किंवा सही त्यानंतर घ्यावी. त्या घरातील माणसासमोर मोठ्याने वाचता येणार नाही असा शेरा लिहूच नये.

६. पुसण्याची तारीख ठरवावी. वर्षाचे काम संपले, हिशेब तपासला गेला, की हिशेबासाठी लागणारे कागद वगळून बाकीचे पुसावे. 'पुढे कधी लागेल' म्हणून ठेवलेली माहिती सहसा कामी येत नाही. बाहेर पडते ती मात्र नेमकी तीच.

समारोप

त्या फोननंतर आम्ही लिंक बंद केली, शेऱ्याचा रकाना काढून टाकला आणि प्रत्येक देणगीदाराला फोन करून उतरविलेली प्रत पुसण्याची विनंती केली. बहुतेकांनी ती मानली. सर्वांनी मानली की नाही, हे कळण्याचा मार्ग आमच्याकडे नव्हता. आम्ही दोघे जण त्या घरी गेलो आणि माफी मागितली. चहा झाला. मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. निघताना त्या आईने एकच विचारले, "आता तो कागद कुठं आहे?"

इतकी वर्षे हाच विषय शिकवूनही मला तिला पूर्ण उत्तर देता आले नाही. लोखंडी कपाटाच्या काळात कोणत्याही अधीक्षकांनी ते बसल्या जागेवरून दिले असते. आज आपल्या हाती त्या कपाटापेक्षा कितीतरी समर्थ साधने आहेत, दूरदूरच्या शहरांतून शाळेसाठी झटणारी माणसे आहेत, आणि त्यांच्या कामाचे मोल मोठे आहे. पुढील वर्षी ज्या मुलांचे कागद आपल्या हाती येतील त्यांच्या आईवडिलांनी हाच प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर देता येईल अशा रीतीने आपण काम करू या. आणि त्यांनी विचारला नाही, तरीही ते उत्तर आपणहून सांगू या. कारण त्यांचे न विचारणे म्हणजे त्यांची संमती नव्हे.